घोड्यासह रानातला मुक्काम: रपेट सोपी, रात्र अवघड

रानवाट

नमस्कार. गेली सहा वर्षे मी अमेरिकेत उत्तर कॅरोलायना राज्यात राहते आणि त्यातली चार वर्षे नियमित घोडेस्वारी शिकते आहे. लहानपणी माथेरानला दस्तुरी नाक्यावर उतरले की आम्हाला घोड्यावर बसवले जाई आणि घोडेवाला बागडोर धरून पुढे चाले. त्यामुळे घोडेस्वारी म्हणजे घोड्यावर न पडता बसून राहणे, असा माझा बरीच वर्षे समज होता. इकडे आल्यावर तो समज हळूहळू गेला. तरी घोडा घेऊन रानात राहायचे म्हणजे काय, हे मला गेल्या जूनमध्ये, तेही पहाटे तीन वाजता कळले. त्या रात्रीची हकिगत लिहिते आहे आणि जाणकारांनी आमचे नेमके कुठे चुकले ते सांगावे अशी विनंती करते.

जागा होती व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील माउंट रॉजर्स परिसर. हा भाग राष्ट्रीय वनाच्या अखत्यारीत येतो. माउंट रॉजर्स हे त्या राज्यातील सर्वांत उंच शिखर असून त्याची उंची १,७४६ मीटर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून शंभर मीटर जास्त. शिखराजवळ स्प्रूस आणि फर या सूचिपर्णी झाडांचे दाट, ओलसर रान आहे, खाली मेपल, बीच, चेरी, ओक यांचे पानझडी जंगल आहे आणि दोन्हींच्या मध्ये मोकळी, गवताळ पठारे आहेत. या पठारांवर झुडपे माजू नयेत म्हणून १९७० च्या दशकात तट्टे आणून सोडण्यात आली आणि त्यांचे कळप आजही तिथे मोकळे फिरतात. प्रसिद्ध अ‍ॅपलेशियन पायवाट याच डोंगरांवरून जाते, परंतु इथे ती फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. घोड्यांसाठी शंभराहून अधिक किलोमीटर लांबीची वेगळी वाट आहे आणि तिच्या कडेने, रस्त्याला लागून, ट्रेलर उभा करता येईल असे घोड्यांचे तळ आहेत.

माझ्या मैत्रिणीचे दोन घोडे आहेत. एक तांबूस रंगाचा, बारा वर्षांचा खच्ची घोडा आणि दुसरी एक वयस्क, शांत घोडी, जिच्यावर मी बसते. व्हर्जिनियात घोडे एकत्र येतात अशा ठिकाणी जाताना कॉगिन्स चाचणीचा बारा महिन्यांच्या आतील अहवाल लागतो. घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची ही चाचणी असते. तो अहवाल आमच्याकडे होता. पहिली रात्र आम्ही ट्रेलरजवळच्या तळावर काढली आणि ती उत्तम गेली. दुसऱ्या दिवशी खुर्ज्यांत, म्हणजे खोगिराच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्यांत, सामान भरून सुमारे अठरा किलोमीटर चाललो. जूनच्या मध्यावर तिथली ऱ्होडोडेन्ड्रॉनची झुडपे फुलतात आणि कित्येक ठिकाणी वाट अक्षरशः जांभळ्या भिंतींमधून जाते. वाटेत एका उतारावर मोकळ्या तट्टांचा कळप भेटला. आमची घोडी एकदम ताठ झाली, तिने मान उंच करून मोठ्याने खिंकाळी दिली आणि पुढची पाच मिनिटे ती घोडी मी चालवत नव्हते, ती मला चालवत होती. परंतु हा सगळा दिवस एकंदर आनंदाचाच होता.

संध्याकाळी आम्ही नियमाप्रमाणे ओढ्यापासून आणि वाटेपासून साठ मीटर दूर जागा शोधली. घोडे थेट झाडाला बांधायचे नसतात, कारण रात्रभर पाय आपटून ते मुळे उघडी पाडतात आणि साल कुरतडतात. म्हणून दोन झाडांच्या बुंध्यांना रुंद पट्टे गुंडाळून, त्यांच्यामध्ये डोक्याच्या उंचीहून वर एक दोरी ताणायची आणि त्या दोरीला म्होरकीची बागडोर बांधायची, ही इथली पद्धत आहे. तिला हायलाइन म्हणतात. योग्य अंतरावर, सपाट जमिनीवर दोन भक्कम झाडे एकाच ठिकाणी मिळाली आणि त्या जागेच्या एका बाजूला ऱ्होडोडेन्ड्रॉनचे झुडूप होते. ते विषारी असते हे आम्हाला माहीत होते. परंतु घोडे ते सहसा खात नाहीत असे ऐकलेले होते, शिवाय झुडूप दोरीच्या टोकापासून हातभर दूर वाटत होते.

पहाटे तीनच्या सुमारास पाय आपटण्याचा आवाज ऐकून मैत्रीण उठली. तांबूस घोड्याच्या तोंडातून लाळेची तार लागली होती, तो पुन्हा पुन्हा स्वतःच्या कुशीकडे मान वळवून पाहत होता आणि झुडपाच्या खालच्या फांद्या ओरबाडलेल्या होत्या. ताणलेली दोरी रात्रीतून सैल होऊन झोळासारखी खाली आली होती आणि हातभराचे अंतर संपले होते. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही सामान तिथेच टाकले, डोक्याला दिवे बांधले आणि दोन्ही घोड्यांना हाताने धरून सहा किलोमीटर चालत ट्रेलरपर्यंत आलो. त्याला अडीच तास लागले. सकाळी पशुवैद्य आले, त्यांनी नळीने पोटात औषध घातले आणि दोन दिवसांत घोडा पूर्ववत झाला. आम्ही दोघी मात्र अजून पूर्ववत झालेलो नाही.

दोरी सैल झाली ही एक चूक उघड आहे. पण तेवढीच होती का?

दुडकी

घोडा वाचला हे वाचून हायसे वाटले. एक साधा प्रश्न विचारते. घोड्यांना रात्री खायला किती आणि केव्हा दिले होते? माझ्या मते तुमच्या हकिगतीत हीच एक गोष्ट आलेली नाही.

रानवाट

खरे आहे, मी ती लिहिली नाही आणि आता लिहिताना संकोच वाटतो आहे. आमच्याकडे दाबून केलेल्या गवताच्या गोळ्या होत्या, दोन्ही घोड्यांना मिळून सहा किलो. त्या आम्ही संध्याकाळी सात वाजता भिजवून दिल्या आणि आठपर्यंत तोबरे, म्हणजे तोंडाला बांधायच्या चाऱ्याच्या पिशव्या, रिकामे झाले. सकाळसाठी थोडी चंदी, म्हणजे दाणा, राखून ठेवली होती. त्याआधी तासभर घोडे पठारावर हाताने धरून चारले होते. अधिक वजन नेणे शक्य नव्हते, कारण घोड्यावर त्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त भार घालू नये असा संकेत आहे. घोडी साधारण ४५० किलोची, म्हणजे मर्यादा ९० किलोची. माझे वजन ६२ आणि खोगीर १४ किलो, म्हणजे उरले १४ किलो, आणि त्यात तंबू, पथारी, दोऱ्या, पाणी गाळण्याचे साधन, आमचे अन्न असे सगळे बसवायचे होते. इथेच घोडे पेंड खाते, आणि आमच्या बाबतीत तर पेंडही पुरेशी नव्हती.

वैद्यबुवा (नाशिक)

मी पशुवैद्य आहे आणि माझ्याकडे टांग्याची, लग्नाच्या वरातीची आणि शर्यतीतून निवृत्त झालेली, अशी सर्व प्रकारची घोडी येतात. दुडकी यांनी योग्य जागी बोट ठेवले आहे.

घोड्याचे पोट आपल्यासारखे जेवणाच्या वेळांसाठी बनलेले नाही. मोकळा घोडा दिवसरात्र मिळून चौदा ते सोळा तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत राहते, मग तो खात असो वा नसो, आणि चघळताना तयार होणारी लाळच ते आम्ल सौम्य करते. वजनाच्या दीड ते दोन टक्के चारा रोज, या हिशेबाने ४५० किलोच्या घोड्याला पावणेसात ते नऊ किलो कोरडा चारा लागतो. तुम्ही प्रत्येकी तीन किलो दिला, तोही तासाभरात संपेल अशा रूपात. त्यानंतर पहाटे तीनपर्यंत सात तास तो घोडा रिकाम्या पोटी, एकाच जागी बांधलेला, समोर हिरवी पाने पाहत उभा होता. घोडे ऱ्होडोडेन्ड्रॉन सहसा खात नाहीत हे खरेच आहे. मात्र ते भरल्या पोटाच्या घोड्याबद्दल म्हटलेले असते.

या वनस्पतीतील विषाला ग्रेयानोटॉक्सिन म्हणतात. ते मज्जातंतूंच्या आणि हृदयाच्या पेशींमधील सोडियमची दारे उघडीच ठेवते, त्यामुळे लाळ गळणे, पोटदुखी, अशक्तपणा आणि नाडी मंद किंवा अनियमित होणे ही लक्षणे काही तासांत दिसतात. घोड्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे पोटात गेलेले विष बाहेर काढण्याचा सोपा मार्ग नसतो आणि नळीने कोळशाची भुकटी वगैरे देण्याचे काम पशुवैद्यालाच करावे लागते. विशिष्ट उतारा असा काही नाही.

आता एक कटू बोलतो, त्याबद्दल राग नसावा. त्या घोड्याला तुम्ही डोंगरातून सहा किलोमीटर चालवलेत, पण निघण्यापूर्वी त्याची नाडी पाहिली होती का? हृदयाचा ठोका अडखळत असताना घोड्याला चालवणे धोक्याचे असते. निरोगी घोड्याची विश्रांतीतील नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते आणि खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोटे ठेवली की ती लागते. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. कुशीला कान लावला की पोटात गुडगुड ऐकू यावी, कारण तिथली शांतता हे वाईट लक्षण असते. या तीन गोष्टी पाहायला दोन मिनिटे लागतात आणि त्यांसाठी उपकरण लागत नाही. त्या ठीक असत्या तर चालवण्याचा तुमचा निर्णय योग्य होता, कारण तिथे थांबून मदत येणार नव्हती.

रानवाट

राग मुळीच नाही. नाडी पाहिली नव्हती. घरी तबेल्यात आम्ही ती नेहमी मोजतो, पण त्या क्षणी ते सुचलेच नाही.

कोलोरॅडोकर

मी दहा-बारा वर्षे रॉकी पर्वतात घोडे घेऊन जातो, त्यामुळे चाऱ्याच्या वजनाचे कोडे मला पाठ आहे. त्याला उत्तर एकच आहे, आणि ते म्हणजे तिसरे जनावर. दोन स्वारांमागे एक ओझ्याचा घोडा किंवा खेचर नेले की चारा, दोऱ्या आणि तंबू त्याच्यावर जातात आणि स्वारीच्या घोड्यांवर केवळ स्वार राहतो. ओझ्याच्या जनावरावर मी साठ-पासष्ट किलोंच्या वर घालत नाही, कारण निर्जीव ओझे स्वाराप्रमाणे चढउतारावर स्वतःला सावरत नाही. दोन्ही बाजूंच्या पेट्या ताणकाट्याने मोजून समान कराव्यात. किलोभराचा फरकही दहा किलोमीटरनंतर खोगीर एका बाजूला ओढतो आणि मग घोड्याची पाठ सोलवटते.

गोळ्यांनी आकारमान कमी होते, वजन नव्हे, हे लक्षात ठेवावे. शिवाय घरी केवळ वाळके गवत खाणाऱ्या घोड्याला रानात अचानक गोळ्या देऊ नयेत. प्रवासाच्या आठ-दहा दिवस आधीपासून हळूहळू सवय लावावी लागते. आमच्याकडे राष्ट्रीय वनांच्या जमिनीवर तणाचे बी नसल्याचे प्रमाणपत्र असलेलेच गवत नेण्याची सक्ती आहे, कारण घोड्याच्या शेणातून परके तण रानात पसरते.

हायलाइनबद्दल दोन शब्द. नवी दोरी पहिल्या रात्री हमखास ताणली जाते, आणि दोन घोडे रात्रभर ओढत असले तर कोणतीही दोरी ताणली जाते. म्हणून न ताणणारी दोरी घ्यावी, ती सात फूट उंचीवर आणि कप्पीसारखा फास करून शक्य तितकी घट्ट बांधावी, आणि झोपण्यापूर्वी पुन्हा आवळावी. बागडोर इतकीच लांब असावी की घोड्याचे तोंड जमिनीवरच्या गवतापर्यंत पोचेल, पण पाय दोरीत अडकणार नाही. तुम्ही झुडपापासून हातभर अंतर ठेवलेत, मी किमान दोन घोड्यांच्या लांबीइतके ठेवतो.

बारगीर

कोलोरॅडोकर यांच्या बागडोरीच्या लांबीशी सहमत आहे, पण उंच दोरीच काय ती एक पद्धत असे नव्हे. आपल्याकडे पागांमध्ये अगाडी आणि पिछाडी वापरत, म्हणजे पुढून दोन दोऱ्यांनी डोके आणि मागून मागचे पाय खुंट्यांना बांधत. रांगेत शेकडो घोडी असली तरी ती एकमेकांना लाथा मारू शकत नसत, आणि झाडांची गरजच नसे. पुढच्या दोन पायांत घालायचा पायबंद तर आजही जगभर वापरतात. त्यात घोडा लहान पावले टाकत चरू शकतो, म्हणजे चाऱ्याचा निम्मा प्रश्न सुटतो. भाषेत आपण उधळपट्टीला पायबंद घालतो, घोड्याला घालायचे मात्र विसरलो.

वैद्यबुवांचा मुद्दा वाचताना शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना गेलेले पत्र आठवले. त्यातील रयतेच्या भाजीच्या देठाचा भाग सर्वांना पाठ असतो, पण ते पत्र मुळात पागेच्या मुक्कामाचे व्यवस्थापन आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच बेहिशेबी संपवाल तर पुढे ते मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. तसेच कोणी गवताजवळ चुली पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव घेईल, कोणी दिवा तसाच जळता ठेवील आणि उंदीर ती वात पळवील, मग गवताच्या गंजी आणि खण जळून जातील, असा एकेक धोका मोजून सांगितला आहे. घोडदळ चालवणाऱ्या माणसाला रात्रीचा धोका कुठून येतो हे नेमके ठाऊक होते.

कोलोरॅडोकर

पायबंदाबद्दल एक सावधगिरीची सूचना. तो घातलेला घोडा पळू शकत नाही असे समजू नये. सराईत घोडा दोन्ही पुढचे पाय एकदम उचलून सशासारख्या उड्या मारत पाहता पाहता कोसभर जातो, आणि हे मी स्वतःच्या घोड्यामागे धावत शिकलो आहे. पायबंद दिवसा, डोळ्यांसमोर, आणि घरी महिनाभर सराव करून घेतल्यावरच वापरावा. शिवाय जिथे मोकळ्या तट्टांचे कळप फिरतात तिथे रात्री घोडा कोणत्याही प्रकारे सुटा ठेवणे मला योग्य वाटत नाही.

सह्यवाटसरू

चर्चा फार माहितीपूर्ण चालली आहे. मी घोडेस्वार नाही, नेहमी पायी भटकतो. माझे दोन प्रश्न आहेत. पहिला, समोरून घोडे आले तर पायी चालणाऱ्याने नेमके काय करावे? दुसरा, असे मुक्काम सह्याद्रीत करता येतील का?

रानवाट

पहिल्याचे उत्तर मी देते. इथे पायी चालणारा घोड्याला वाट देतो आणि सायकलस्वार दोघांनाही देतो. वाट देताना उताराच्या, म्हणजे दरीच्या बाजूला उतरून उभे राहावे आणि स्वाराशी साध्या आवाजात बोलावे. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे, त्यामुळे वरच्या अंगाला, झाडामागे निश्चल उभी असलेली आकृती त्याला दबा धरून बसलेल्या वाघासारखी वाटते. माणूस बोलला की तो माणूस आहे हे त्याला कळते. आणि तरीही तो बुजलाच तर वर, चढाच्या बाजूला जाणे हे दरीकडे जाण्यापेक्षा सर्वांच्याच हिताचे असते. पाठीवर मोठी पिशवी असेल तर बोलणे अधिकच गरजेचे, कारण पिशवीसकट माणूस हा घोड्याच्या दृष्टीने एक अनोळखी प्राणीच असतो.

लाल माती

दुसऱ्या प्रश्नाविषयी. आमचे घर नेरळला आहे आणि माथेरानच्या घोडेवाल्यांशी दोन पिढ्यांचा संबंध आहे, त्या अनुभवावर लिहितो. सह्याद्रीतील बरीचशी जंगले राखीव आहेत किंवा अभयारण्यात येतात, तिथे परवानगीशिवाय रात्री राहता येत नाही, मग घोडा असो वा नसो. परवानगी मिळाली असे धरले तरी पाण्याचा प्रश्न उरतो. घोड्याला दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी लागते, आणि डिसेंबरनंतर घाटमाथ्यावर पायी जाणाऱ्या चार माणसांनाही टाक्यातले पाणी जपून वापरावे लागते. गवत भरपूर असते तो काळ दसऱ्यापासून फार तर दिवाळीनंतरच्या काही आठवड्यांपर्यंतचा. पुढे तेच गवत वणव्याला निमंत्रण ठरते.

वाटाही पाहाव्या लागतात. बहुतेक किल्ल्यांच्या आजच्या वाटा कातळातल्या पायऱ्यांच्या आणि घसाऱ्याच्या आहेत, आणि नाल मारलेला घोडा ओल्या कातळावर उभा राहणेही कठीण. पूर्वी मराठ्यांची तट्टे हे सारे तुडवत होती हे खरे आहे, पण भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी जातीची ती जनावरे बुटकी, काटक आणि लहानपणापासून याच जमिनीवर वाढलेली असत. आज शहराजवळच्या क्लबांत असणारा उंच, शर्यतीच्या रक्ताचा घोडा तिथे नेणे हा त्याच्यावर अन्याय होईल. माझ्या मते आपल्याकडे शक्य असलेला प्रकार म्हणजे पठारावरून, गाडीवाटांनी, गावागावांत मुक्काम करत केलेला प्रवास. गावात विहीर असते, कडबा मिळतो आणि गोठ्याच्या कडेला घोडा बांधायला कोणी नाही म्हणत नाही.

वैद्यबुवा (नाशिक)

लाल माती यांच्याशी सहमत. गावमुक्कामाच्या प्रवासात दोन गोष्टी मात्र जपाव्यात. ग्लँडर्स हा आपल्याकडे शासनाला कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे आणि तो माणसालाही होतो, म्हणून वाटेतल्या अनोळखी घोड्यांबरोबर आपल्या घोड्याला एका हौदावर पाणी पाजू नये, बादली स्वतःची ठेवावी. दुसरे म्हणजे गोमाश्यांमधून पसरणारा सर्रा हा रोग. अधूनमधून ताप, अशक्तपणा आणि पायांवर सूज दिसली तर रक्त तपासून घ्यावे.

दुडकी

उतरणीबद्दल कोणीच लिहिले नाही. मला शिकवणाऱ्यांपैकी काही जण तीव्र उतारावर खाली उतरून घोड्याबरोबर चाला असे सांगतात आणि काही जण मुळीच उतरू नका म्हणतात. तुम्ही काय करता?

कोलोरॅडोकर

मी लांब उतार असेल तर उतरतो. त्याचे कारण घोड्याच्या गुडघ्यांइतकेच माझ्याही गुडघ्यांशी संबंधित आहे. चार तास बसून राहिल्यावर चालणे दोघांनाही बरे वाटते. मात्र उतरायचे तर उताराच्या आधी, सपाटीवर, तीव्र जागी मध्येच नव्हे. चालताना घोड्याच्या थेट पुढे राहू नये, तो घसरला तर तुमच्यावरच येईल. बसून उतरायचे असल्यास कमरेपासून सरळ बसावे, मागे रेलून लगामाला लोंबकळू नये, आणि घोड्याला मान खाली घालून वाट पाहू द्यावी. खोगीर पुढे सरकू नये म्हणून दुमची आणि चढावर मागे जाऊ नये म्हणून पेशबंद, ही दोन्ही साधने डोंगरात मला खोगिराइतकीच आवश्यक वाटतात. निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, पुन्हा आवळणेही विसरू नये, कारण बांधताना घोड्याने फुगवलेले पोट तोपर्यंत खाली बसलेले असते.

आणखी एक. मोबाइल, काडेपेटी आणि ओळखपत्र खुर्जीत नव्हे तर स्वतःच्या अंगावर ठेवावे. घोडा तुम्हाला सोडून पळाला तर खुर्जीही त्याच्याबरोबर जाते.

दुडकी

आभारी आहे. याला जोडून माझा एक अनुभव सांगते. अ‍ॅपलेशियन डोंगरांत यलोजॅकेट नावाच्या गांधीलमाश्या जमिनीत पोळी करतात आणि ऑगस्टच्या अखेरीस ती खूप मोठी झालेली असतात. पहिल्या घोड्याच्या खुरांनी पोळे ढवळले जाते, दुसरा त्यावरून निसटतो आणि डंख तिसऱ्याला बसतात. मी तिसरी होते. तेव्हापासून पुढचा स्वार ओरडला की थांबायचे नाही, सर्वांनी मिळून पुढे दौडत निघून जायचे, असे आम्ही निघण्यापूर्वीच ठरवून ठेवतो. थांबून काय झाले ते विचारणे हीच मोठी चूक असते.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. मैत्रिणीला हे सगळे वाचून दाखवले. आम्ही ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा त्याच वाटेने जायचे ठरवले आहे. या वेळी तिच्या शेजाऱ्यांचे खेचर ओझ्यासाठी मिळणार आहे, त्यामुळे प्रत्येक जनावराला रोज आठ किलोप्रमाणे एका रात्रीचा चारा नेता येईल. बारीक छिद्रांची जाळी आणली आहे. तिच्यातून घोड्याला काडी काडी ओढून खावी लागते, म्हणजे तेच गवत मध्यरात्रीनंतरही पुरेल. ती पायात अडकणार नाही इतक्या उंचीवर टांगू. अस्वलांसाठी आमचे अन्न बंद डब्यात असतेच, आता चंदीही त्याच डब्यात जाईल, कारण काळ्या अस्वलाला गुळाचा हात लावलेले धान्य आमच्या जेवणापेक्षा अधिक आवडते. शिकारीचे दिवस असल्यामुळे आम्हाला आणि घोड्यांना नारिंगी पट्टे घेतले आहेत, विशेषतः तांबूस घोड्याला, कारण तो दुरून हरणासारखा दिसतो. रेंज नसताना उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्रही भाड्याने घेत आहोत. ऱ्होडोडेन्ड्रॉनपासून दूर, खालच्या पानझडी रानात मेपलच्या झाडांमध्ये एक सपाट जागा आम्ही जूनमध्येच पाहून ठेवली होती. तिथेच दोरी बांधू.

वैद्यबुवा (नाशिक)

कृपया तिथे बांधू नका. ती तांबडी मेपल असतील तर ऑक्टोबरमध्ये ती जागा ऱ्होडोडेन्ड्रॉनपेक्षा घातक आहे. त्या झाडाची ताजी पाने फारशी त्रास देत नाहीत, परंतु गळून सुकू लागलेली पाने घोड्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. पाऊण ते दीड किलो पाने मोठ्या घोड्यालाही पुरतात, आणि लक्षणे एक-दोन दिवसांनी, तुम्ही घरी पोचल्यावर दिसतात. लघवी गडद तपकिरी होणे हे त्यांपैकी मुख्य. चेरीची मलूल पानेही तशीच टाळावीत, त्यांत सायनाइड तयार होते. ऑक्टोबरमध्ये जमिनीवर पसरलेली पाने तोंडाच्या अंतरावर नव्हे, तर थेट तोंडाखाली असतात.

रानवाट

हे आम्हाला अजिबात ठाऊक नव्हते. मग वर स्प्रूसच्या रानात, नाहीतर पठाराच्या कडेला बीचची झाडे आहेत तिथे बांधू, आणि दोन्ही जागी आजूबाजूला मेपल नाही ना हे दिवसाउजेडी पाहून घेऊ. मनासारखी जागा मिळाली नाही तर अंधार पडण्यापूर्वी मागे फिरून ट्रेलरच्या तळावर येऊ. अंतर सहाच किलोमीटर आहे आणि वाट आता पाठ झाली आहे.

कोलोरॅडोकर

खेचर प्रथमच नेत आहात म्हणून विचारतो. ते तुमच्या दोन घोड्यांबरोबर आधी एखादी रात्र बांधून पाहिले आहे का? हायलाइनवर कोण कोणाशेजारी उभे राहील याबाबत त्यांची स्वतःची ठाम मते असतात.

रानवाट

अजून नाही. या शनिवारी मैत्रिणीच्या अंगणातच दोरी बांधून तिघांना रात्रभर ठेवतो, आणि आम्ही दोघी शेजारी तंबूत झोपतो. घोडीला मध्ये बांधावे असा विचार आहे.

दुडकी

घोडीला कडेला बांधा आणि तांबूस घोड्याला मध्ये. खेचरे घोडीला सोडत नाहीत. ते रात्रभर तिच्याकडे सरकत राहील आणि दोरी पुन्हा झोळ होईल.

रानवाट

बरे, तसे करून पाहते आणि रविवारी इथे कळवते.